रडू आलं नाही त्याचं काय? – अम्हारिक कादंबऱ्यांतलं दुःख

सांजवात

गेली तीन वर्षं मी अम्हारिक, म्हणजे इथिओपियातली भाषा, शिकतेय. आम्ही मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला राहतो आणि इथे इथिओपियन वस्ती भरपूर आहे. माझी शेजारीण मूळची इथिओपियातल्या गोज्जाम प्रांतातली. ती मला 'इहिते' म्हणते, म्हणजे 'माझी बहीण'. लिपी तिनेच शिकवली. आपली बाराखडी, तर त्यांची साताखडी: तेहतीस मुळाक्षरं आणि प्रत्येकाची सात रूपं. लहान मुलासारखी पाटीवर गिरवून शिकले.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटे साडेपाचला चहा ठेवायला उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर तिच्या दाराशी दहा-बारा माणसं बर्फात उभी. बायकांच्या अंगावर पांढरी नेतेला, म्हणजे पातळ सुती शाल, काठ वर गळ्याशी घेतलेला. कुणी बोलत नव्हतं. त्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी दार वाजवलं. दार उघडलं आणि मिनिटभरात आतून जी किंकाळी आली ती मी जन्मात विसरणार नाही. तिची आई तिकडे दोन दिवसांपूर्वीच गेली होती. या सगळ्यांना माहीत होतं, तिला नव्हतं. फोनवर सांगायचं नाही, एकटीला कळू द्यायचं नाही, सगळ्यांनी मिळून पहाटे जाऊन सांगायचं. याला 'मर्दो' म्हणतात.

पुढे तीन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. ती मोकळेपणाने, मोठ्याने, नाव घेऊन घेऊन रडली. मी कोपऱ्यात बसून उकडलेले गहू-हरभरे (त्यांचा 'निफ्रो') वाटीत भरत होते आणि आतल्या आत मला तिचा हेवा वाटत होता. त्याआधी आठ महिन्यांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. सहा वर्षं अंथरुणावर होत्या, मीच करत होते. गेल्या त्या रात्री मनात पहिला विचार आला तो हा, की आज झोप मिळेल. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. आणि त्या मला आवडायच्या हो, खरंच आवडायच्या.

आता मूळ प्रश्न. तिने मला हद्दिस अलेमायेहू यांची 'फिक्र इस्के मेकाबिर' (थडग्यापर्यंतचं प्रेम) वाचायला दिलीय. आठवड्याला दोन-तीन पानं होतात. वाचताना सारखं वाटतं, जिथे दुःख इतकं चारचौघांत, इतक्या रीतसर व्यक्त होतं, तिथल्या कथा-कादंबऱ्यांत असल्या मिश्र भावनांना जागा असते का? दुःख आणि सुटका, प्रेम आणि राग एकाच वेळी? ज्यांनी काही वाचलंय त्यांनी लिहा. नसेल वाचलं तरी लिहा.

मेतकूट

वाचतेय. मर्दोचा प्रसंग वाचून हातातलं काम थांबलं.

वाचनवेडा

उत्तम धागा! मी लेखिका माआझा मेंगिस्ते यांची 'द शॅडो किंग' वाचलीय. त्यात इटलीशी झालेल्या युद्धातल्या स्त्रिया आहेत आणि राग व शोक यांचं जबरदस्त मिश्रण आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं मी देईन.

घाटवाट

@वाचनवेडा, ती कादंबरी सुंदर आहे, पण मूळ इंग्रजीत लिहिलेली आहे. २०२० मध्ये बुकरच्या अंतिम यादीतही होती. सांजवात अम्हारिकबद्दल विचारतायत, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपण मराठीत 'पोटात कालवाकालव झाली' असं लिहितो ते इंग्रजीत लिहिताना बदलणारच. तिथेही तसंच होत असणार.

अम्हारिकमध्ये काल्पनिक गद्याला शब्दच आहे 'लिब् वल्लद', म्हणजे हृदयातून जन्मलेलं. १९०८ साली रोममध्ये अफेवर्क गेब्रे इयेसुस यांनी छापलेली पहिली अम्हारिक कादंबरी, तिचं नावच 'लिब् वल्लद तारिक', आणि पुढे तो शब्द सगळ्या साहित्यप्रकारालाच चिकटला. त्यात जुळी भावंडं आहेत, ताटातूट आहे, पुरुषवेशात भावाला शोधत फिरणारी तोब्या आहे. पण तिथे सगळं शेवटी गोड होतं. तुमचा प्रश्न त्या कादंबरीला विचारून उपयोग नाही. तो हद्दिस अलेमायेहूंना विचारायला हवा, आणि तुम्ही नेमक्या त्यांच्यापाशीच आलात.

सांजवात

@घाटवाट, 'पोटात कालवाकालव' लिहिलंत आणि मी उडालेच! अम्हारिकमध्ये भावना पोटातच असतात. पोट म्हणजे 'होद'. गलबलून आलं की म्हणतात 'होद बासेन्य', शब्दशः माझं पोट बिघडलं, पण अर्थ डोळे भरून आले असा. कुणाची दया आली तर 'अंजेतेन बेल्लाव', त्याने माझं आतडं खाल्लं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, आमच्याकडे आतडं तुटतं, पिळवटतं. ती म्हणाली, मग तू अम्हारिक शिकायची कशाला, तुला येतंच आहे.

दुसरं म्हणजे, आपण 'मला त्याची आठवण येते' म्हणतो. आठवण आपली आपण येते, मी काही करत नाही. तिथेही तसंच आहे. 'नाफेकेन्य' या एका शब्दात कर्ता म्हणजे ज्याची ओढ लागलीय तो, आणि मी शेवटच्या 'न्य'मध्ये, ज्याच्यावर ते गुदरतं ती. आठवलं म्हणायचं तर 'तिझ आलेन्य'. त्यांचं ते हुरहूर लावणारं 'तिझिता' गाणं यातलंच.

आबा सातारकर

सांजवातताई, तुमचा प्रसंग वाचला. वाईट वाटून घेऊ नका. सहा वर्षं केलंत ते रडण्यापेक्षा मोठं आहे.

आमच्याकडे गावात बायका हेल काढून रडायच्या. आता कमी झालं. माझे आजोबा गेले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आजी ओसरीवर बसून हेल काढायची आणि त्यात आजोबांना चक्क शिव्या घालायची. 'विहिरीचं काम अर्ध्यात टाकून गेलास रं धन्या, सावकाराच्या दारात मला उभी करून गेलास रं.' सगळ्या बायका माना डोलवायच्या. एरवी जन्मभर तिने नवऱ्यापुढे ब्र काढला नव्हता. रडण्याच्या सुरात सगळं बोलून घेतलं. म्हणजे तुम्ही म्हणता ते मिश्रण चारचौघांतल्या रडण्यातही असतंच. फक्त सूर लागतो.

निरंजना

आबा, क्या बात है. इथिओपियात याला 'मुशो' म्हणतात. शोकाची कवनं. ती म्हणणारी बाई 'अल्काश'. ती एकेक ओळ टाकते आणि बाकीचे रडतात. गेलेल्याचं कर्तृत्व, त्याचं कुळ, मागे राहिलेल्यांचे हाल, सगळं त्यात येतं.

यात अजून एक पदर आहे. त्यांच्या काव्यपरंपरेत 'सेम-ना-वर्क' म्हणजे मेण आणि सोनं असा प्रकार असतो. सोनार मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा बसवतो आणि मेण वितळवून त्या जागी सोनं ओततो तसं: वरचा अर्थ मेण, आतला सोनं. चर्चच्या पाठशाळांत 'कने' नावाची कविता शिकवतात, तिचा हा प्राण. हद्दिस अलेमायेहूंच्या कादंबरीचा नायक बेझाब्बिह याच पाठशाळांत शिकलेला आहे. जो माणूस दोन अर्थांनी बोलायलाच शिकला, त्याच्या मनात एकाच गोष्टीबद्दल दोन भावना असणं किती साहजिक!

तळेगावकर

कादंबरीचं कथानक कुणी थोडक्यात सांगेल का? आम्हाला अम्हारिक येणार नाही या जन्मी.

घाटवाट

सांगतो. शेवट कळू नये असं वाटणाऱ्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जा. तसा शेवट नावातच आहे.

गोज्जाम प्रांत, सरंजामी काळ. बेझाब्बिह हा नवसाचा मुलगा. तो जगावा म्हणून आईबाप बोलून बसतात की हा देवाचा, चर्चची सेवा करेल, लग्न करणार नाही. मुलगा जगतो. तो मोठा होतो, शिकतो आणि फितावरारी मेशेशा नावाच्या मानी सरदाराच्या मुलीला, सेब्लेला, शिकवायला त्याच्या वाड्यावर येतो. मेशेशा कुळाच्या अभिमानापायी मुलीसाठी आलेली स्थळं परतवत बसलाय, तिचं वय वाढत चाललंय. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. वाड्यात एक नातेवाईक आहे, गुदू कासा. 'गुदू' म्हणजे विचित्र. रूढींबद्दल खरं बोलतो म्हणून लोक त्याला वेडा म्हणतात. सेब्लेला अखेर बेझाब्बिह सापडतो तेव्हा तो मरणपंथाला लागलेला असतो. ती संन्यासिनी होते.

मला विचाराल तर कादंबरीतलं सगळ्यात खोल दुःख शेवटचं नाहीच, नवसाचं आहे. मूल हातून जाऊ नये म्हणून देऊन टाकायचं. मूल समोर खेळतंय, ते जिवंत आहे याचा आनंद आहे, आणि ते आपलं नाही हेही रोज दिसतंय. आणि त्या मुलाच्या बाजूने बघा. त्याने कधीच न घेतलेली शपथ त्याला मोडायचीय. प्रेमात पडणं म्हणजे आईबापाशी गद्दारी. रागावणार कुणावर? ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यावर?

कुंदा मावशी

घाटवाट, अगदी जेजुरी आठवली. आमच्या लहानपणी शेजारी एक मुरळी यायची. नवस फेडायला आईबापांनी खंडोबाला वाहिलेली. भंडारा लावायची आम्हाला. माझ्या आईने एकदा विचारलं, आईवडिलांची आठवण येते का गं? ती म्हणाली, 'येते की. राग पण येतो. दोन्ही एकदमच येतं, म्हणून तर गाते.' मी तेव्हा नववीत होते. आज वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हा धागा वाचताना ते वाक्य जसंच्या तसं आठवलं.

मेतकूट

मावशी ___/\___

दर्यावर्दी

थोडं वेगळं मत मांडतो. आपण 'त्यांच्यातही आपल्यासारखंच' म्हणून पटकन खूश होतो. पण इथिओपियाच्या साहित्यातल्या दुःखाला एक इतिहास आहे जो आपला नाही. १९७४ मध्ये सम्राट हाइले सेलासींना हटवून दर्ग ही लष्करी राजवट आली. १९७७-७८ चा लाल दहशतवाद: अदिस अबाबाच्या रस्त्यांवर तरुण मुलांची प्रेतं टाकलेली असायची. प्रेत हवं तर ज्या गोळीने मारलं तिचे पैसे भरा, असं कुटुंबांना सांगितलं जायचं. रडायला बंदी होती. ज्या समाजात पहाटे दहा माणसं जाऊन मर्दो सांगतात, तिथे आईने स्वतःच्या मुलासाठी दार लावून, तोंडात पदर कोंबून रडायचं! त्या पिढीच्या लेखनात भावना गुंतागुंतीच्या आहेत त्या स्वभावामुळे नव्हे, रडणं हा गुन्हा झाला म्हणून.

यासाठी बेआलू गिर्मा वाचायला हवेत. 'ओरोमाय' १९८३ साली आली. तेव्हा इथिओपियाच्या ताब्यात असलेल्या एरिट्रियातल्या बंडखोरांविरुद्ध १९८२ मध्ये सरकारने 'लाल तारा' मोहीम काढली होती, बेआलू स्वतः माहिती खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या मोहिमेत होते. कादंबरीचा नायक त्सेगाये हा पत्रकार, सरकारी प्रचारासाठी एरिट्रियातल्या अस्मारा शहरात येतो. अदिसला वाग्दत्त वधू रोमान वाट बघतेय आणि इथे तो फियामेत्ताच्या प्रेमात पडतो. ज्या युद्धाची जाहिरात करायला आला त्या युद्धातच पोरं मरताना बघतो. 'ओरोमाय' हा अस्मारात इटालियनमधून आलेला शब्द आहे, अर्थ साधारण 'संपलं आता सगळं'. पुस्तक लगोलग मागे घेतलं गेलं, लेखकाची नोकरी गेली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये ते घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. २०२५ मध्ये इंग्रजी भाषांतर आलंय. @तळेगावकर, तुमच्यासाठी.

वाचनवेडा

बेआलू गिर्मांचे वडील भारतीय व्यापारी होते, आई इथिओपियन. हे कळल्यावर मला उगाच त्यांच्याशी नातं असल्यासारखं वाटलं.

मेतकूट

अवांतर: आपला 'हबशी' शब्द म्हणजे तेच लोक स्वतःला 'हबेशा' म्हणतात तोच ना? मलिक अंबरही तिकडचाच.

घाटवाट

हो, तोच शब्द. अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला आणि इथे येऊन निजामशाहीचा कारभार बघू लागला. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

पाऊलखुणा

मी इथे फक्त वाचत असते, पण दर्यावर्दींचा प्रतिसाद वाचून खातं उघडून लिहितेय.

माझा मोठा काका १९८६ मध्ये कामावर गेला तो आला नाही. कुठे काही पत्ता लागला नाही. आजीने दोन्ही वेळा त्याचं ताट वाढणं बंद केलं नाही, पुढे ते ताट माझे बाबा जेवायचे. बारा वर्षं झाल्यावर गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करायला सांगितलं. काकू तयार झाली. आजी म्हणाली, मी हयात असताना माझ्या पोराला जाळायचं नाही. काकूला हवं होतं की एकदाचं काहीतरी व्हावं. ती वाईट नव्हती. बारा वर्षं रोज कुंकू लावताना हात थरथरतो म्हणायची. दोघी एकाच घरात, एकाच माणसासाठी, उलट्या दिशेने झुरत होत्या. विधी झाला नाही. आजी २००३ मध्ये गेली, त्याच आठवड्यात काकूने कुंकू पुसलं.

बेआलूंच्या घरच्यांचा विचार मनातून जात नाही. कोण जाणार पहाटे मर्दो सांगायला? काय सांगणार?

दर्यावर्दी

पाऊलखुणा, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडे याला जोडायला काही नाही.

तळेगावकर

मला एक व्यवहारातली शंका आहे. मयतानंतरचा हा सगळा खर्च तिथे कोण करतं? आपल्याकडे तेराव्याच्या जेवणावळीत माणूस कर्जबाजारी होतो आणि मेलेल्यासाठी रडायचं सोडून आचाऱ्याला पैसे कुठून देऊ म्हणून रडतो. माझ्या मते ही सुद्धा मिश्र भावनाच!

निरंजना

अगदी बरोबर, आणि यावर तिथे जुनी कादंबरी आहे. हेरुय वल्दे सेलासी, जे सम्राटांचे परराष्ट्रमंत्री होते, त्यांची १९३० च्या दशकातली 'अद्दिस आलेम' (नवं जग). नायक अवेके युरोपात शिकून गावी परततो. वडील जातात. चाळीसाव्या दिवशी 'तेझकार' म्हणजे मोठं गावजेवण घालायची रीत. हा म्हणतो, घालणार नाही. नातेवाईक तुटून पडतात. कादंबरी उघड उघड सुधारणावादी आहे, बोधपर आहे, पात्रं लेखकाच्या मनातलं बोलतात. पण वाचताना मला टोचलं ते वेगळंच: जेवण न घालणाऱ्याचं वडिलांवर प्रेमच नव्हतं, असं ठरवून मोकळं होणं लोकांना किती सोपं जातं. प्रेम मोजायला पंगतीत किती पानं उठली ते बघायचं.

'तेझकार' म्हणजे स्मरण. अरबीतला 'झिक्र' त्याच कुळातला. उर्दू गझल ऐकणाऱ्यांना हा शब्द परका नाही.

खर्चाचं म्हणाल तर तिथे 'इद्दिर' असतात. वस्तीतली माणसं दरमहा थोडे थोडे पैसे भरतात आणि कुणी गेलं की मंडप, बाकं, भांडी, पैसे, माणसं, सगळं इद्दिरकडून. आपल्या भिशीसारखं, पण मयतासाठी.

आबा सातारकर

ही इद्दिरची कल्पना गावात मांडून बघतो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात देतात, तेवढं आमच्याकडे अजून टिकून आहे.

घाटवाट

मूळ प्रश्नाकडे परत येतो. सांजवात, तुम्ही विचारलं होतं की सुटकेच्या भावनेला जागा आहे का. मला वाटतं अम्हारिक कादंबरीत ती भावना पात्र स्वतःच्या तोंडाने कबूल करत नाही. आपल्या अलीकडच्या कथांत नायिका पानभर आत्मपरीक्षण करते, तसं नाही. तिथे ती भावना कृतीत येते. कुणी घर सोडून जातं, कुणी संन्यास घेतं, कुणाला गाव वेडा म्हणतं. गुदू कासाकडे बघा. सगळ्यांच्या पोटातलं तो एकटा बोलतो आणि म्हणूनच त्याला वेडा ठरवावं लागतं. ही कादंबरी पुढे इथिओपियाच्या रेडिओवर वगायेहू निगातू या नटाने वाचली आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही ऐकली. घरोघरी लोक रेडिओभोवती बसून एका सरदाराच्या मुलीसाठी रडले. त्यातला प्रत्येक जण सेब्लेसाठीच रडत असेल असं मला वाटत नाही.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलखुणा, तुमच्या आजी आणि काकू दोन दिवस माझ्याबरोबर आहेत.

काल संध्याकाळी शेजारणीकडे गेले होते. तिने बुन्ना, म्हणजे कॉफी, भाजायला घेतली होती. तिथे कॉफी तीन फेऱ्यांत देतात: अबोल, तोना, बेरेका. तिसरी पातळ होते, पण ती प्यायल्याशिवाय उठायचं नाही, आशीर्वाद तिच्यात असतो. तिसऱ्या फेरीला मी धीर केला आणि या धाग्याबद्दल सांगितलं. सासूबाईंबद्दल सांगितलं, त्या रात्रीच्या झोपेबद्दलही. म्हटलं, तुझं रडणं बघून मला तुझा हेवा वाटला होता.

ती बराच वेळ जेबेनाच्या, म्हणजे त्यांच्या मातीच्या कॉफीच्या सुरईच्या, तोंडाशी कापूस ठीक करत बसली. मग म्हणाली, 'अकरा वर्षं मी आईला भेटले नव्हते. दरवर्षी तिकीट काढायचं ठरवायचे. त्या दिवशी मी रडले ना, त्यातलं अर्धं आईसाठी. अर्धं तिकिटासाठी. आणि पहाटे दारात त्यांना बघितलं तेव्हा एक क्षणभर वाटलं, बरं झालं, आता फोन वाजला की छाती धडधडणार नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. होद यिफ्जेव.' म्हणजे पोटातच जळून जाऊ दे.

मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात पोटात ठेव. ती म्हणाली, तुमचं पोट ठेवतं, आमचं जाळतं. मग दोघी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. तिने पुसायला काही दिलं नाही, थांब म्हणाली नाही, नुसती शेजारी सरकून बसली.

पुढच्या महिन्यात सासूबाईंचं वर्षश्राद्ध आहे. तिने विचारलं, तुमच्याकडे त्या दिवशी काय करतात? मी सांगितलं, खीर आणि वडे. ती आदल्या रात्री निफ्रो उकडून आणणार आहे, गहू आणि हरभरे. किती माणसांचा करू, विचारत होती.

आबा सातारकर

चालेल ना श्राद्धाला गहू-हरभरे? गुरुजींना विचारून घ्या एकदा. नाही म्हणाले तर संध्याकाळी खा, पण खा.

कुंदा मावशी

कसले गुरुजी, आबा. आणू दे तिला.

सांजवात, मी आता लेकीकडे फ्रेडरिकला आलेय, तुझ्याकडे यायला तासभर लागेल. वड्यांचं पीठ घरून आणलंय, तळायला मी येते. तारीख आणि पत्ता निरोपात पाठव.